ओहोटीचा हिशेब

अलिबागला समुद्रावर जायचं ठरलं की लोक टोप्या आणि चेंडू काढतात. आमचे तीर्थरूप पंचांग काढतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा त्यांचा कोकणी हिशेब. गेल्या संकष्टीला तो असा झाला: चतुर्थीची पाऊणपट तीन, म्हणून तीनला भरती आणि सकाळी नऊला ओहोटी. ‘‘साडेदहाच्या आत वाळूवर परत. आणि भेळ मागू नका, उपास आहे.’’

गुडघ्यांमुळे दोन वर्षं ते स्वतः कुलाबा किल्ल्यात येत नाहीत. वाळूवर बसून आमच्या चपला राखतात.

चिरंजीवांनी आधी ओल्या वाळूचा किल्ला बांधला. तट छान गुळगुळीत थापला. पहिल्याच लाटेनं तो नेला.

‘‘फटी ठेवायच्या असतात रे,’’ आजोबा म्हणाले. ‘‘महाराजांनी १६८० साली हा समोरचा किल्ला बांधायला घेतला, संभाजीराजांनी पुरा केला. तटाचे चिरे नुसते एकावर एक रचलेत, मधे चुना नाही. लाटेचं पाणी फटींत शिरतं, जोर तिथंच जिरतो.’’

हे तत्त्व त्यांनी माझ्या शाळेच्या दिवसांत वापरलं असतं तर, असं मनात आलं. बोललो नाही.

‘‘पण आजोबा, शत्रू ओहोटीला चालत का नाही आला?’’

‘‘येईल की! पण समोर तोफा आणि मागून भरती. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून चालून आले होते. आंग्र्यांच्या मदतीला बाजीराव धावले. दोघे पाहुणे हात हलवत परत गेले.’’

आम्ही पाणी तुडवत किल्ल्यात पोचलो. राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेल्या देवळात गणपतीपुढे हात जोडले. भर समुद्रात गोड्या पाण्याचं तळं बघून सौ.ला आमच्या नळाची आठवण झाली. मग चाकांच्या तोफेपाशी चिरंजीव ‘कान्होजी आंग्रे’ होऊन उभे राहिले. फोटो काढताना मी तोफेवरची अक्षरं वाचली: यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याची, साल १८४९. कान्होजी गेले १७२९ साली. म्हणजे आमचा सरखेल मरणोत्तर एकशेवीस वर्षांनी इंग्रजांच्या तोफेवर रेलून उभा होता!

या संशोधनात साडेदहा कधी वाजून गेले, कळलंच नाही. परतताना पाणी पोटरीवरून गुडघ्यावर आलं. चिरंजीवांना खांद्यावर घेतलं. सौ. काहीच बोलत नव्हती, म्हणजे प्रसंग बाका होता.

समोर पाण्यात कुणीतरी उभं होतं. धोतर खोचलेलं, दोन्ही हातांत आमच्या तिघांच्या चपला उंच धरलेल्या. ते दुखरे गुडघे पार पाण्याखाली गेले होते.

‘‘अकरा वाजले,’’ एवढंच ते म्हणाले. नातवाचा हात मात्र काठावर येईपर्यंत सोडला नाही.

वाळूवर पाहतो तो त्यांच्या स्वतःच्या चपला भरतीनं नेल्या होत्या. हिशेबाप्रमाणे, अगदी वेळेवर.