झेंडावंदन झाल्यावर: वरठीच्या आसपास प्रजासत्ताकाच्या खुणा

१/ २६ जानेवारी. शाळेतले झेंडावंदन आटोपते, प्रभातफेरी पांगते आणि पुढचा दिवस मोकळा उरतो. सहकुटुंब डबा बांधून एखादे ऐतिहासिक स्थळ पाहण्यास याहून उचित दिवस कोणता? भंडारा जिल्ह्यातील वरठीपासून निघून, ‘सत्ता कोणाची?’ हा एकच प्रश्न सोबत घेऊन केलेली ही भ्रमंती. 🧵

२/ आरंभ वरठीतच. येथील रेल्वे स्थानकाचे नाव ‘भंडारा रोड’. जिल्ह्याचे शहर दूर राहिले आणि स्थानक वरठीला मिळाले. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल–नागपूर रेल्वेने जुना नागपूर–छत्तीसगड मीटर गेज मार्ग ताब्यात घेऊन तो रुंद केला. नागपूर–हावडा मार्ग तो हाच.

३/ हे रूळ प्रवाशांच्या सोयीपुरते नव्हते. छत्तीसगडचे धान्य आणि पुढे तुमसर भागातील मॅंगनीज बाहेर नेण्याचे ते साधन होते. सत्ता केवळ किल्ल्यांवरून चालत नाही. ती मालवाहतुकीच्या मार्गांवरूनही चालते. मुलांना हे फलाटावर उभे राहूनच सांगावे.

४/ तुमसर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आंबागड आहे. इ.स. १७०० च्या सुमारास देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शाह याच्या काळात राजाखान पठाण याने तो बांधला. गोंड राजा, पठाण किल्लेदार आणि पुढे मराठा धनी: विदर्भाचा संमिश्र इतिहास एकाच तटबंदीत सामावला आहे.

५/ नागपूरकर भोसल्यांनी या गडाचा तुरुंग केला. कैद्यांना आतल्या विहिरीचे दूषित पाणी पाजून मरू दिले जाई, असे ब्रिटिशकालीन गॅझेटियर सांगते. ही नोंद वाचताना लेखक कोण, हेही पाहावे. आधीचे राज्यकर्ते क्रूर ठरले की खालसा धोरण न्याय्य भासते. तिसरे रघूजी १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि डलहौसीने त्यांचे राज्य गिळले. नोंद खोटीच असेल असे नव्हे. परंतु ती निरपेक्षही नव्हे.

६/ दक्षिणेस वैनगंगेकाठी पवनी. १९६९–७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केले आणि मौर्य–सातवाहन काळातील बौद्ध स्तूप उजेडात आला. त्याच्या शिळांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरलेली आहेत. दगडावर नाव उमटण्यासाठी राजाच असावे लागते, असा नियम येथे मोडतो.

७/ ऑगस्ट १९४२. चिमूर आणि आष्टीची नावे पाठ्यपुस्तकात येतात, तुमसरचे क्वचितच. त्या आंदोलनात तुमसरलाही पोलिसांच्या गोळीबारात माणसे मृत्युमुखी पडली. वरठीहून रेल्वेने सहज गाठता येणाऱ्या या गावी क्षणभर थांबणे, हेही झेंडावंदनच.

८/ आता या भ्रमंतीतील सर्वांत अवघड थांबा. त्याला तटबंदी नाही, फलकही नाही. मे १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. जागा दोन: एक सर्वसाधारण, एक राखीव. राखीव जागेसाठी उमेदवार होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

९/ प्रत्येक मतदाराला दोन मते होती. दुसरे मत वाया घालवले, तर प्रतिस्पर्ध्यांना त्याचा लाभ होणार नव्हता. कार्यकर्त्यांनी ही युक्ती सुचवली. आंबेडकरांनी ती मानली नाही. ज्या संविधानाने मताधिकार दिला, त्याच्या शिल्पकाराला मत कुजवणे मान्य नव्हते. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता विजयी झाले. राखीव जागा काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांनी जिंकली. आंबेडकर हरले.

१०/ म्हणून २६ जानेवारीला भंडारा जिल्ह्यात सांगण्याजोगी याहून मोठी गोष्ट नाही. आंबागडावर सत्तेला नकार देणाऱ्याच्या वाट्याला अंधारकोठडी येई. १९५४ साली याच जिल्ह्यातील सामान्य मतदाराने संविधानाच्या शिल्पकारालाही नकार दिला आणि त्यासाठी कोणाला तुरुंगात जावे लागले नाही. निकाल चुकीचा होता, असे आज अनेकांना वाटते. पण तो निकाल मान्य झाला, यातच प्रजासत्ताकाची कसोटी होती.

११/ गडावर गेल्यावर छायाचित्रे अवश्य काढावीत, कचरा परत आणावा आणि भिंतींवर नावे कोरू नयेत. घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या पहिल्या मतदानाची आठवण विचारावी. जिल्ह्याच्या इतिहासाचे ते पान अजून कोणत्याही गॅझेटियरमध्ये आलेले नाही. (समाप्त)