आमेन आणि इमान

वसईकडच्या चर्चमध्ये मिस्सा चालू असताना ‘आमेन’ इतक्या सवयीने म्हटलं जातं की ते पूर्णविरामासारखंच वाटतं. शब्द मूळचा हिब्रू. धातू अ-म-न, अर्थ पक्कं असणं, भरवशाचं असणं. याच सेमिटिक कुळातून अरबीत ‘ईमान’ आणि ‘अमानत’ आले, फारसीच्या वाटेने मराठीत मुरले. म्हणजे आमेन म्हणणारा ख्रिस्ती आणि ‘इमानेइतबारे नोकरी केली’ सांगणारा पेन्शनर हे शब्दांच्या नात्याने भाऊबंदच!

याच धातूचं ‘एमुना’ (निष्ठा, श्रद्धा) हे रूप बायबलमधल्या निर्गमाच्या 17व्या अध्यायात चक्क हातांसाठी आलंय. इस्राएलची अमालेक्यांशी लढाई जुंपलेली, मोशेचे हात वर असेपर्यंतच इस्राएलची सरशी; पण वर धरून धरून ते हात भरून आलेले. अहरोन आणि हूर त्याला दगडावर बसवतात, दोन्हीकडून हात उचलून धरतात. सूर्यास्तापर्यंत ते हात ‘एमुना’ राहिले, म्हणजे ढळले नाहीत. मला हा तपशील फार आवडतो. निष्ठा इथे खांद्यात दुखते. शिवाय ती दुसऱ्याच्या आधारावर टिकते.

अंथरुणाला खिळलेल्या सासूची कूस रोज बदलणारी सून किंवा धर्मग्रामाचा पैसा पावतीनिशी सांभाळणारा खजिनदार, यांना आपण श्रद्धावान म्हणत नाही; फार तर इमानी म्हणतो. हिब्रूत श्रद्धा आणि इमान या दोन्हींना ‘एमुना’च चालतं.