उंदीर जगला तर

पीतज्वर भारतात का नाही? प्रश्न वरवर बिनकामाचा वाटतो. नाही ते बरंच आहे की! पण गेल्या शतकात विषाणूंवर काम करणाऱ्यांना या प्रश्नाने चांगलंच छळलं. हा ताप पसरवणारा एडिस इजिप्ती डास आपल्याकडे घरोघरी आहे. डेंग्यूही तोच पसरवतो. १९२७-२८ मध्ये पश्चिम आफ्रिकेत संशोधकांना पीतज्वर देता येईल असा प्रयोगशाळेतला प्राणी पहिल्यांदा सापडला, तो होता ऱ्हीसस माकड. आपल्या उत्तर भारतात देवळांवर उड्या मारणारं लाल तोंडाचं माकड. म्हणजे डास आहे, बळी पडणारं माकड आहे, माणसं तर कोट्यवधी. आजार तेवढा नाही.

की आहे, आणि कुणाला दिसलेला नाही?

ही शंका पोकळ नव्हती. आपल्याकडे इंग्रज अमदानीतल्या मृत्युनोंदी पाहिल्या, तर सगळ्यांत मोठा रकाना ‘ताप’ हाच असायचा. मलेरिया, विषमज्वर, आणखी काय काय, सगळं त्या एका शब्दात पुरलेलं. गावात कोण कशाने गेलं हे डॉक्टरने लिहिलेलं नसायचं, कारण बहुतेक गावांत डॉक्टरच नव्हता. आणि जे आजारी पडून बरे झाले, त्यांची तर नोंद कुठेच नाही. मग त्यांचा इतिहास शोधायचा कुठे?

त्यांच्या रक्तात.

विषाणू शरीरात शिरला की शरीर त्याला ओळखून धरणारी प्रथिनं तयार करतं. ती म्हणजे प्रतिपिंडं, अर्थात अँटिबॉडी. आजार जातो, पण प्रतिपिंडं बरेचदा मागे राहतात. पीतज्वराची तर कित्येक दशकं. पण ती डोळ्यांना दिसत नाहीत. मोजायची कशी?

१९३० मध्ये मॅक्स थायलर यांनी दाखवलं, की पीतज्वराचा विषाणू साध्या पांढऱ्या उंदरांच्या मेंदूत टोचला तर तो तिथे वाढतो आणि उंदीर मरतात. माकडं महाग होती, उंदीर स्वस्त आणि हवे तेवढे. पुढच्याच वर्षी सॉयर आणि लॉइड यांनी त्यावरून एक चाचणी बसवली. माणसाचं रक्त घ्यायचं, गोठू द्यायचं, वर जमलेलं पिवळसर पाणी म्हणजे सीरम वेगळं काढायचं. ते आणि विषाणू उंदरांना टोचायचे आणि वाट पाहायची. उंदीर मेले, तर त्या माणसाला पीतज्वर कधी झाला नव्हता. उंदीर जगले, तर त्याच्या रक्तात प्रतिपिंडं होती. म्हणजे तो कधीतरी या आजारातून गेला होता, त्याला स्वतःला आठवत असो वा नसो.

रॉकफेलर फाउंडेशनने ही चाचणी घेऊन निरनिराळ्या खंडांतलं रक्त तपासलं. आफ्रिकेत जिथे पीतज्वराची साथ कुणी पाहिली नव्हती, अशा भागांतल्या लोकांच्या रक्तानेही उंदीर वाचवले. रोग तिथे होता, तो पाहणारं कुणी नव्हतं. थायलर यांनी पुढे पीतज्वराची लस बनवली आणि १९५१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. लस अंगी लागली का, हे पाहायलाही उंदरांचीच चाचणी होती.

१९५२ मध्ये हे काम पुण्यात पोचलं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून तिथे विषाणू संशोधन केंद्र काढलं, आजची ‘एनआयव्ही’. त्याच वर्षी भारतातल्या ठिकठिकाणच्या लोकांचं रक्त गोळा करून ते डास-गोचिडांतून पसरणाऱ्या विषाणूंविरुद्ध तपासलं गेलं. स्मिथबर्न, केर आणि गटणे यांनी त्याचा निबंध १९५४ मध्ये छापला. त्यात एक आकडा असा होता: झिका विषाणूसाठी तपासलेल्या १९६ जणांपैकी ३३ जणांच्या रक्तात त्याला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं होती.

झिका! युगांडाच्या जंगलात तो सापडून जेमतेम पाच वर्षं झाली होती.

मग झिका भारतात होता का? इथे गाडी अडते. झिका, डेंग्यू, जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाइल, पीतज्वर हे सगळे एकाच कुळातले विषाणू. एकाविरुद्ध तयार झालेलं प्रतिपिंड दुसऱ्यालाही थोडंफार धरतं. गावात एकाच आडनावाची दहा घरं असली की पत्र भलत्याच दारात पडतं, तसं. ते ३३ जण झिकातून गेले होते की त्याच्या एखाद्या भावकीतून, याबद्दल नंतरच्या अभ्यासकांनी शंका घेतली. प्रयोगशाळेत सिद्ध झालेला झिकाचा रुग्ण भारतात सापडायला २०१६ उजाडलं, आणि महाराष्ट्रातला पहिला रुग्ण २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात आढळला. मधल्या काळात तो इथे गुपचूप फिरत होता का, हे त्या जुन्या सीरममधून ठामपणे काढता येत नाही.

भावकीचा हा गोंधळ कधी उपयोगीही पडतो. १९५७ मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात जंगलात माकडं मरून पडू लागली आणि आसपासच्या गावांत माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या केंद्रातल्या मंडळींच्या मनात पहिली भीती आली ती अर्थातच पीतज्वराची. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली, तो आला? विषाणू वेगळा काढून निरनिराळ्या सीरमशी त्याची गाठ घालून पाहिली, तेव्हा त्याची ओळख लागली ती थेट रशियातल्या गोचिडांनी पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या कुटुंबाशी. हा डासाचा आजार नव्हताच, गोचिडीचा होता. क्यासनूर जंगलावरून त्याचं नाव पडलं. मग तपासणी माणसांवर थांबली नाही. जंगलातले उंदीर, चिचुंद्र्या, पक्षी यांचंही रक्त काढलं गेलं, कारण विषाणू कुणाकुणाच्या अंगातून फिरतो हे त्यांचं रक्तच सांगणार होतं. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे २०१६ पासून ज्याला ‘माकडताप’ म्हणतात, तो हाच.

आता उंदरांऐवजी प्लास्टिकची छोट्या खड्ड्यांची पट्टी असते, आणि प्रतिपिंडं असली की रंग उमटतो. ही एलायझा चाचणी १९७१ मधली. प्रश्न मात्र जुनाच राहिला: जे मोजले गेले नाहीत, ते किती?

जुलै २०२० मध्ये मुंबईत तीन वॉर्डांतल्या ६,९३६ जणांचं रक्त कोविडच्या प्रतिपिंडांसाठी तपासलं. तोवर अख्ख्या मुंबईतल्या अधिकृत रुग्णांचा आकडा लाखाच्या थोडा वर होता. तपासणीत झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली. त्याच वॉर्डांतल्या इतर वस्त्यांत १६ टक्के. महानगरी, दवाखाने, रोजचं बुलेटिन, डॅशबोर्ड, सगळं असताना दहा बाय दहाच्या खोलीत राहणारे आणि सामाईक संडासाच्या रांगेत उभे राहणारे लाखो लोक आजारातून जाऊन आले होते, आणि कुठल्याच आकड्यात नव्हते.

पुढे लस आली आणि हिशोब पुन्हा गुंतला. सुईतून आलेली प्रतिपिंडं आणि आजारातून आलेली प्रतिपिंडं वेगळी ओळखणं अवघड. २०२१ च्या जून-जुलैमधल्या देशव्यापी पाहणीत ६७.६ टक्के लोकांत ती सापडली; त्यात दोन्ही प्रकारचे लोक होते.

म्हणून असा आकडा वाचताना दोन गोष्टी विचाराव्यात. चाचणीने नेमकं काय विचारलं होतं, आणि रक्त कुणाचं घेतलं होतं? १९५२ च्या त्या ३३ जणांना आपल्या रक्ताने काय सांगितलं ते बहुधा कधी कळलंही नसेल. मुंबईत दोन आकडे शेजारी शेजारी छापता आले, कारण कुणीतरी सुई घेऊन गल्लीत आत शिरलं होतं.