मत, मतदान आणि १९६८ची अमेरिकन अध्यक्षीय निवडणूक

मराठीत ‘मत’ या एकाच शब्दाने दोन भिन्न गोष्टींचा निर्देश होतो. एखाद्या प्रश्नावरील मनुष्याचा अभिप्राय हे मत. आणि निवडणुकीच्या दिवशी पेटीत पडणारी चिठ्ठी हेही मतच. इंग्रजीत या दोहोंसाठी स्वतंत्र शब्द आहेत. त्यांपैकी ‘व्होट’ हा शब्द नवस किंवा इच्छा या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आलेला असून अभिप्रायाशी त्याचे व्युत्पत्तीच्या दृष्टीने काही नाते नाही. मराठी शब्दामुळे मात्र असा समज सहज होतो की, जो चिठ्ठी टाकतो तो तिच्याबरोबर आपला अभिप्रायही टाकतो आणि मोजणीअंती जनतेचा अभिप्राय हाती येतो. हा समज कितपत टिकतो, याची परीक्षा घेण्यास १९६४ ते १९६८ या काळातील अमेरिकेचा इतिहास फार उपयोगी आहे. एका अध्यक्षाला प्रचंड बहुमताने निवडून देणारे मतदार चार वर्षांच्या आत त्याला विटले. पण त्या विटण्याचा अर्थ काय, हे कोणत्याही मतमोजणीतून निष्पन्न झाले नाही.

३ नोव्हेंबर १९६४ रोजी लिंडन जॉन्सन ६१ टक्के मते मिळवून अध्यक्षपदी निवडून आले. निर्वाचक मंडळातील ४८६ मते त्यांना पडली. रिपब्लिकन पक्षाचे बॅरी गोल्डवॉटर यांच्या वाट्यास अवघी ५२ आली. गोल्डवॉटर यांच्या हाती अण्वस्त्रे सोपविणे धोक्याचे आहे, हा जॉन्सन यांच्या प्रचाराचा एक प्रमुख सूर होता. फुलाच्या पाकळ्या मोजणारी लहान मुलगी आणि तिच्यापाठोपाठ अणुस्फोट, अशी त्यांची दूरचित्रवाणीवरील जाहिरात ७ सप्टेंबरला पैसे भरून एकदाच दाखविण्यात आली. तिचा गाजावाजा मात्र पुष्कळ झाला. २१ ऑक्टोबरला ओहायो राज्यातील ॲक्रन येथे बोलताना जॉन्सन यांनी सांगितले की, आशियाई तरुणांनी स्वतः करावयाचे काम करण्यासाठी अमेरिकन तरुणांना नऊ-दहा हजार मैलांवर पाठविण्याचा आपला विचार नाही.

पुढे जे घडले ते पाहता मतदारांची निव्वळ फसवणूक झाली, असे पुष्कळदा म्हटले जाते. ते पूर्णतः खरे मानता येत नाही. त्याच वर्षी ७ ऑगस्टला काँग्रेसने टोंकिनच्या आखातासंबंधीचा ठराव संमत करून आग्नेय आशियात बळाचा वापर करण्याचा व्यापक अधिकार अध्यक्षांच्या हाती दिला होता. प्रतिनिधिगृहात या ठरावाविरुद्ध एकही मत पडले नाही. सिनेटमध्ये वेन मोर्स व अर्नेस्ट ग्रुएनिंग हे दोघेच विरुद्ध गेले. हे सारे वर्तमानपत्रांत आलेले होते. जॉन्सन यांनी माघारही नाकारली होती आणि युद्धाचा विस्तारही नाकारला होता. या दोन नकारांच्या मधली जागा किती अरुंद आहे, हे त्यांनी सांगितले नाही, आणि मतपत्रिकेवर ते विचारण्याची सोय नव्हती.

२ मार्च १९६५ला उत्तर व्हिएतनामवर सततच्या बाँबफेकीस प्रारंभ झाला. ८ मार्चला दा नांग येथे मरीन सैनिक उतरले. जुलैअखेर १,२५,००० सैन्य ठेवण्याची घोषणा झाली आणि १९६७च्या अखेरीस हा आकडा सुमारे ४,८५,०००वर गेला. युद्धात पडणे ही चूक होती काय, या गॅलप संस्थेच्या प्रश्नाला १९६५च्या ऑगस्टमध्ये सुमारे चौथ्या हिश्श्याने होकार दिला होता. १९६७च्या ऑक्टोबरमध्ये होकार देणारे नकार देणाऱ्यांहून अधिक झाले.

या असमाधानाला पहिली वाट मिळाली ती न्यू हॅम्पशर या लहानशा राज्यात. पक्षाचा उमेदवार ठरविण्यापूर्वी काही राज्यांत जी प्राथमिक निवडणूक होते, तिचा प्रारंभ या राज्यापासून होत असे. १२ मार्च १९६८ला तेथे डेमोक्रॅटिक पक्षाच्या मतदारांपुढे मिनेसोटाचे सिनेटर यूजीन मॅकार्थी हे युद्धविरोधी उमेदवार म्हणून उभे होते. जॉन्सन यांचे नाव मतपत्रिकेवर छापलेले नव्हते. त्यांच्या समर्थकांना ते हाताने लिहावे लागले. जॉन्सन यांना सुमारे ४९ टक्के व मॅकार्थींना ४२ टक्के मते पडली. प्रत्यक्ष संख्येने पाहिल्यास अनुक्रमे सुमारे २७ हजार आणि २३ हजार. अध्यक्ष जिंकले होते, परंतु सर्व देशाने हा त्यांचा पराभव मानला. चार दिवसांनी रॉबर्ट केनेडी मैदानात उतरले आणि ३१ मार्चच्या रात्री जॉन्सन यांनी आपण पुन्हा उमेदवारी स्वीकारणार नसल्याचे जाहीर केले. (सोळा वर्षांपूर्वी, कोरियातील युद्ध चालू असताना, याच राज्यात पराभूत झाल्यानंतर अध्यक्ष ट्रुमन यांनीही मार्चअखेर अशीच घोषणा केली होती.)

न्यू हॅम्पशरचा कौल शांततेचा कौल होता, असे तेव्हा मानले गेले आणि अद्यापही पुष्कळ ठिकाणी तसेच लिहिले जाते. मिशिगन विद्यापीठाच्या मतदारपाहणीच्या आधारे फिलिप कॉन्व्हर्स व त्यांचे सहकारी यांनी १९६९मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध या समजुतीस धक्का देणारा आहे. मॅकार्थींना मते देणाऱ्यांत, जॉन्सन युद्ध पुरेशा कठोरपणे लढत नाहीत म्हणून रागावलेल्यांची संख्या माघार इच्छिणाऱ्यांपेक्षा अधिक, जवळजवळ तिनास दोन या प्रमाणात होती. आरंभी मॅकार्थींकडे ओढले गेलेले परंतु नोव्हेंबरपर्यंत त्यांना सोडून गेलेले जे मतदार होते, त्यांतील सर्वांत मोठा गट अखेर जॉर्ज वॉलेस यांच्याकडे, म्हणजे वर्णविभाजनाच्या कट्टर पुरस्कर्त्याकडे वळला. परस्परविरुद्ध अभिप्रायांची माणसे एकाच नावावर खूण करून गेली होती. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर वाक्यात नकार होता, पण तो कशाला लागू करावयाचा हे वाक्यातून कळत नव्हते. तो अर्थ वार्ताहरांनी आणि राजकारणी पुरुषांनी बाहेरून भरला. अध्यक्ष गेले, ही गोष्ट मात्र खरीच. नकारापुरते मत परिणामकारक ठरले.

होकाराच्या बाजूस त्याचे सामर्थ्य किती तोकडे होते, ते ऑगस्टमध्ये दिसून आले. त्या काळी प्राथमिक निवडणुका थोड्याच राज्यांत होत. बहुसंख्य प्रतिनिधी राज्याराज्यांतील पक्षनेते ठरवीत. केनेडी यांच्यावर ५ जूनला गोळ्या झाडण्यात आल्या व दुसऱ्या दिवशी ते मरण पावले. उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांनी एकही प्राथमिक निवडणूक लढविली नव्हती, तरी शिकागोच्या अधिवेशनात पहिल्याच फेरीत त्यांना उमेदवारी मिळाली. बाँबफेक बिनशर्त थांबवावी, अशी मागणी करणारा जाहीरनाम्याचा पर्यायी मसुदा सुमारे १,५६८ विरुद्ध १,०४१ मतांनी फेटाळला गेला. सभागृहाबाहेर पोलीस निदर्शकांना झोडपीत होते.

नोव्हेंबरमध्ये मतदारांपुढे हम्फ्री, रिचर्ड निक्सन आणि वॉलेस अशी तीन नावे होती. निक्सन युद्धाचा सन्मान्य शेवट करण्याचे आश्वासन देत, पण त्याचा तपशील देत नसत. हम्फ्री ३० सप्टेंबरच्या भाषणापर्यंत जॉन्सन यांच्या धोरणापासून फारसे दूर सरले नाहीत. बेंजामिन पेज व रिचर्ड ब्रॉडी यांनी १९७२मध्ये दाखवून दिले की, व्हिएतनामच्या प्रश्नावर मतदारांना हे दोन प्रमुख उमेदवार जवळजवळ एकाच ठिकाणी उभे दिसत होते. मतदारांना या प्रश्नाची पर्वा नव्हती असा याचा अर्थ नव्हे. पर्वा होती, पण तीनुसार निवड करण्यास जागा नव्हती. निक्सन यांना ४३.४ टक्के, हम्फ्रींना ४२.७ टक्के व वॉलेस यांना १३.५ टक्के मते मिळाली. सुमारे पाच लक्ष मतांच्या फरकाने अध्यक्षपद एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेले. युद्ध चालूच राहिले आणि त्यानंतर वीस हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक त्यात मरण पावले. मेलेल्या व्हिएतनामी माणसांची संख्या याच्या कित्येक पट आहे.

त्या व्हिएतनामी माणसांनाही निवडणूक दिलेली होती. ३ सप्टेंबर १९६७ला दक्षिण व्हिएतनाममध्ये अध्यक्षाची निवड झाली. सेनापती दुआँग व्हान मिन्ह यांना उमेदवारीच करू दिली गेली नाही. न्विएन व्हान थिउ सुमारे ३५ टक्के मतांवर निवडून आले. पांढरे कबूतर हे चिन्ह घेऊन वाटाघाटींचा पुरस्कार करणारे त्रुआँग दिन्ह झू सुमारे १७ टक्के मते घेऊन दुसरे आले, आणि पुढच्या वर्षी तुरुंगात गेले. १९७१मध्ये थिउ यांच्याविरुद्ध कोणीच उरले नव्हते.

अमेरिकेत शिकागोच्या प्रकारानंतर डेमोक्रॅटिक पक्षाने प्रतिनिधी निवडण्याचे नियम बदलले, आणि त्यांस आकार देणारे जॉर्ज मॅकगव्हर्न हेच १९७२मध्ये उमेदवार झाले. दरम्यान, १९७१च्या घटनादुरुस्तीने अठरा वर्षांच्या तरुणांना मताधिकार मिळाला होता. १९६८मध्ये जो पर्याय नव्हता तो आता स्पष्ट शब्दांत पुढे होता: माघार. मॅकगव्हर्न यांना मॅसॅच्युसेट्स व राजधानीचा जिल्हा एवढेच जिंकता आले; बाकी ४९ राज्ये निक्सन यांच्याकडे गेली. परंतु तोवर बहुतेक अमेरिकन सैन्य मायदेशी परतले होते, पॅरिसच्या वाटाघाटी अखेरच्या टप्प्यावर होत्या आणि मतदारांच्या मनात इतरही प्रश्न आले होते. त्या मतांपैकी किती युद्धाच्या बाजूची, किती निक्सन यांच्या बाजूची आणि किती केवळ मॅकगव्हर्न यांच्याविरुद्धची, हे मोजणीच्या आकड्यांवरून याही वेळी सांगता येत नाही.