नववी विकेट म्हणजे दहावी नव्हे

सरळगावच्या बाजूला, भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरात टेनिस बॉलचा सामना रंगलाय. शहापूरच्या संघाचा कर्णधार तू. बांध हीच सीमारेषा. मुरबाडकरांना शेवटच्या दोन षटकांत ३४ धावा हव्यात आणि गडी एकच शिल्लक. लाउडस्पीकरवरचा समालोचक तुम्हाला चषक देऊन मोकळा झालाय. लाँग ऑनचा पोरगा मैदानाकडे पाठ करून, टेम्पोत डीजे कुठला लावायचा ते कुणाला तरी ओरडून सांगतोय. तूही गोलंदाजाला म्हणतोस, "टाक रे कसापण, झालंच आता."

बाजारात तुरी! चल, आधी जरा मागे जाऊन ये.

११ मे १९४६, शनिवार. लंडनचं ओव्हल मैदान. महायुद्ध संपून नुकतं वर्ष झालंय. तू सरे संघाकडून क्षेत्ररक्षण करतोयस. भारताच्या ९ बाद २०५. दहाव्या क्रमांकाचा चंदू सरवटे खेळतोय आणि अकरावा शूट बॅनर्जी पॅव्हेलियनमधून चालत येतोय. तुझ्या संघात अ‍ॅलेक बेडसरसारखा गोलंदाज आहे, मग काळजी कसली? तुझं डोकं आपल्या सलामीच्या जोडीत गुंतलेलं. एक धाव गेली, जाऊ दे. चौकार गेला, नशिबाने गेला. मग अर्धशतकी भागीदारी होते, शतकी होते, आणि 'नशीब' हा शब्द तुझ्याच तोंडी अडखळायला लागतो. शनिवारचा खेळ संपतो तरी दोघे नाबाद. रविवार सुट्टीचा. सोमवारी अखेर जोडी फुटते तेव्हा भागीदारी २४९ धावांची झालेली असते. सरवटे नाबाद १२४, बॅनर्जी १२१. सरेवर फॉलोऑनची पाळी येते आणि भारत नऊ गडी राखून जिंकतो.

आता ७८ वर्षं पुढे. फेब्रुवारी २०२४, वांद्रे-कुर्ला संकुलाचं मैदान, रणजी करंडकाची उपांत्यपूर्व फेरी. या वेळी तू बडोद्याचा. दुसऱ्या डावात मुंबईच्या ९ बाद ३३७. मुंबई पुढे आहे, पण हा शेवटचा गडी झटपट मिळाला तर निदान झुंजायला जागा राहील. समोर तनुष कोटियन आणि तुषार देशपांडे. तुषार आपल्या कल्याणचा. आसनगाव लोकल धरलीस की वाटेत लागतं तेच. हे दोघे २३२ धावा जोडतात. कोटियन नाबाद १२०, देशपांडे १२३. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या दोघांनी एकाच डावात शतकं ठोकण्याचा प्रसंग प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये फक्त दोनदा आला, आणि दोन्ही वेळा तू मैदानात चेंडू आणायला पळत होतास!

अजून एक मुक्काम. १४ मार्च २०२४, वानखेडे, रणजीचा अंतिम सामना, पाचवा दिवस. आता तू मुंबईकर. विदर्भापुढे ५३८ धावांचं डोंगराएवढं लक्ष्य आणि सकाळी धावफलक सांगतोय ५ बाद २४८. गेली आठ वर्षं हुलकावणी देणारा करंडक आज येणार, यात कुणालाच शंका नाही. पण अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे हलत नाहीत. सकाळचं अख्खं सत्र जातं, एकही गडी पडत नाही. जेवणापर्यंत ५ बाद ३३३. बाकी २०५ आणि हातात पाच गडी. गॅलरीतला गलका कमी झालाय. घामाने चिकटलेली टोपी तू काढून पुन्हा घालतोस आणि पहिल्यांदाच हिशेब करतोस.

जेवणानंतर शतकवीर वाडकरला पायचीत पकडतो कोण? कोटियन. दुबेला परत पाठवतो कोण? देशपांडे. शेपूट किती वळवळतं हे ज्यांनी दोनच आठवड्यांपूर्वी बडोद्याला दाखवलं, तेच दोघे! ५ बाद ३५३ वरून विदर्भ ३६८ वर सर्वबाद. शेवटचा सामना खेळणारा धवल कुलकर्णी उमेश यादवचा त्रिफळा उडवतो आणि मुंबई १६९ धावांनी जिंकते. बेचाळिसावं विजेतेपद. सकाळभर विकेट नाही म्हणून कुणी हातपाय गाळले नाहीत, आणि धावा ढीगभर आहेत म्हणून कुणी ढिलाईही केली नाही.

गाफीलपणा मोठ्या चुकीतून आत येत नाही. दहाव्या नंबरवाल्याला फुकट दिलेल्या एकेरी धावेतून येतो, बांधावरच्या गप्पांतून येतो, "टाक रे कसापण" या तीन शब्दांच्या आतून येतो. खाचरातल्या आठ षटकांच्या सामन्यात तर सावरायला रविवार मिळत नाही, जेवणाची सुट्टीही नाही. सहा चेंडूंत खेळ उलटतो.

म्हणून शहापूर-मुरबाडच्या कर्णधारांनो, समोरचा संघ नऊ बाद झाला की दोन कामं करा. क्षेत्ररक्षकांना स्वतः चालत जाऊन जागेवर लावा आणि गोलंदाजाला पुढचा चेंडू नेमका कुठे टाकायचा ते सांगा. सत्काराची भाषणं ऐकायला अख्खी संध्याकाळ पडलीय.