संगणकाचा सात-बारा : जाळे जोडणाऱ्या एका मजकूर-फायलीचा इतिहास

#धागा

१/१४
आज घाटकोपरच्या एखाद्या इमारतीत नवी इंटरनेट जोडणी घेतली की तंत्रज्ञ येतो, राउटर बसवतो आणि थोड्याच वेळात निघून जातो. आपल्या संगणकाला जाळ्यातला पत्ता कोणी दिला, हा प्रश्न कोणी विचारत नाही. एके काळी हा पत्ता माणसाला स्वतःच्या हाताने एका साध्या मजकूर-फायलीत लिहावा लागे. त्या फायलीचा इतिहास हा या धाग्याचा विषय. त्यातले काही महत्त्वाचे टप्पे घाटकोपरपासून दूर नाहीत : पवई, जुहू आणि फोर्ट.

२/१४
प्रथम ती फाईल पाहू. डेबियन या लिनक्स-प्रणालीत ‘एटसी’ या फोल्डरात ‘नेटवर्क’ आणि त्यात ‘इंटरफेसेस’ नावाची फाईल असते. यंत्र ज्या ठिकाणी जाळ्याला जोडले जाते तो इंटरफेस. बहुधा ते नेटवर्क कार्ड असते. त्या फायलीतल्या ओळी उच्चारानुसार देवनागरीत लिहिल्या, तर अशा दिसतील :

ऑटो इथ०
आयफेस इथ० आयनेट स्टॅटिक
ॲड्रेस १९२.१६८.१.१०
नेटमास्क २५५.२५५.२५५.०
गेटवे १९२.१६८.१.१

अर्थ : यंत्र सुरू होताच पहिले कार्ड कार्यान्वित व्हावे, त्याचा पत्ता ठरलेला असून तो हा आहे, शेजार इथपर्यंत, आणि बाहेर जाण्याचा दरवाजा हा.

३/१४
‘नेटमास्क’ पिनकोडवरून चटकन समजतो. घाटकोपर पूर्वेचा पिनकोड ४०००७७, पश्चिमेचा ४०००८६. पहिले तीन अंक मुंबई सांगतात, उरलेले तीन वाटप करणारे टपाल कार्यालय. नेटमास्कही पत्त्याचे असेच दोन भाग पाडतो. जिथे २५५ आहे तो भाग जुळला, तर समोरचे यंत्र शेजारातले. माहितीचे पाकीट थेट त्याच्याकडे जाते. न जुळल्यास ते गेटवेच्या स्वाधीन होते. इथे एक आकडा चुकला की शेजारीही परका ठरतो.

४/१४
इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही रचना ओळखीची वाटेल. सात-बारा उताऱ्यात गट क्रमांक, क्षेत्र आणि भोगवटादार यांची नोंद असते. शिवाय ‘शेरा’ हा रकाना असतो. या फायलीतही # हे चिन्ह लिहून पुढे काहीही लिहिता येते. यंत्र ती ओळ वाचतच नाही. ती केवळ नंतर येणाऱ्या माणसासाठी असते. पत्ता का बदलला, केव्हा बदलला, कोणाच्या सांगण्यावरून बदलला, हे सारे या शेऱ्यांत सापडते. यंत्राला दिलेली आज्ञा आणि माणसाची टिपण एकाच कागदावर असावी, अशी साधने विरळा.

५/१४
जाळ्याची व्यवस्था मजकूर-फायलीत ठेवण्याची प्रथा जुनी आहे. अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्यावर सर्व यंत्रांची नावे व पत्ते ‘होस्ट्स’ नावाच्या एकाच फायलीत असत. ती कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखाली ठेवली जाई. नवे यंत्र जोडायचे तर तिथे कळवायचे. इतर ठिकाणचे लोक मग तिची ताजी प्रत उतरवून घेत. साऱ्या जाळ्याचे एकच दफ्तर. यंत्रे वाढली तसे ते अपुरे पडू लागले, आणि १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी विकेंद्रित नाम-व्यवस्था, म्हणजे डीएनएस, मांडली.

६/१४
१९८३ याच वर्षी आणखी दोन गोष्टी घडल्या. १ जानेवारीला आर्पानेटने टीसीपी/आयपी हा नियमसंच स्वीकारला. पुढे बर्कली विद्यापीठाने युनिक्सची ४.२ बीएसडी ही आवृत्ती प्रसिद्ध केली. तिच्यात ‘इफकॉन्फिग’ ही आज्ञा होती : कार्डाचे नाव आणि पत्ता लिहायचा की यंत्र जाळ्यावर. मात्र यंत्र बंद झाले की दिलेला पत्ता विसरला जाई. म्हणून तीच आज्ञा यंत्र सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फायलीत लिहून ठेवण्याची पद्धत रूढ झाली.

७/१४
आता मुंबई. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘अर्नेट’ हा प्रकल्प सुरू केला. पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, दिल्लीतील स्वतः इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि जुहूची एनसीएसटी, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, असे त्यात आठ सहभागी होते. १९८६-८७ मध्ये एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात साध्या टेलिफोन लाईनवरून ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली. एनसीएसटीचे संचालक श्रीनिवासन रमाणी यांचा २०१४ मध्ये ‘इंटरनेट हॉल ऑफ फेम’मध्ये समावेश झाला.

८/१४
या पहिल्या देवाणघेवाणीची पद्धत होती यूयूसीपी. तिचा कारभारही मजकूर-फायलीवरच चाले. शेजारच्या यंत्राचे नाव, फोन करण्याची मुभा असलेली वेळ, जोडणीचा वेग, दूरध्वनी क्रमांक आणि प्रवेशाच्या वेळचा संवाद (‘लॉगिन’ असे विचारले की हे उत्तर, ‘पासवर्ड’ विचारले की ते) हे सारे एकाच ओळीत लिहिलेले असे. यंत्राने कोणाशी, केव्हा आणि काय बोलावे, याचा हा लेखी ठराव. शहराच्या दोन टोकांना असलेल्या संस्थांचे नाते अशा एका ओळीत मावत असे.

९/१४
८ मे १९८९ रोजी भारताचे ‘डॉट इन’ हे नामक्षेत्र नोंदले गेले आणि त्याची व्यवस्था बराच काळ एनसीएसटीकडे राहिली. १९९० मध्ये अर्नेटला १४४.१६ ने सुरू होणारा पत्त्यांचा गट मिळाला : एकूण ६५,५३६ पत्ते. जानेवारी १९९१ मध्ये दिल्ली-मुंबई ही ९.६ केबीपीएस वेगाची भाडेतत्त्वावरील लाईन सुरू झाली. म्हणजे सेकंदाला साधारण १,२०० अक्षरे. या काळातल्या एखाद्या फायलीत १४४.१६ दिसले, तर ते यंत्र अर्नेटच्या जाळ्यातले होते, हे निःशंक ओळखावे.

१०/१४
१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. तिचे मुख्यालय फोर्टमध्ये होते. मुंबईच्या ग्राहकांच्या ई-मेल पत्त्यात ‘जीआयएएसबीएम०१’ असे यंत्राचे नाव येई. पहिली चार अक्षरे सेवेच्या नावाची, ‘बीएम’ म्हणजे बॉम्बे. दिल्लीच्या यंत्राला ‘डीएल’, पुण्याच्या यंत्राला ‘पीएन’. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात शहराचे अधिकृत नाव मुंबई झाले. यंत्राच्या नावात मात्र बॉम्बे टिकून राहिले. जाळ्यातले नाव बदलायचे तर ते लिहिलेली प्रत्येक फाईल बदलावी लागते. पाट्या त्यामानाने लवकर बदलतात.

११/१४
लिनक्स आले १९९१ मध्ये. इयन मर्डॉक यांनी डेबियनची घोषणा केली १९९३ मध्ये. आरंभी डेबियनमध्येही आज्ञांची यादीच असे : हे कर, मग ते कर. २००० साली आलेल्या २.२ आवृत्तीत ‘इंटरफेसेस’ फाईल रूढ झाली. तिच्यात कृतीऐवजी स्थितीचे वर्णन असते : पत्ता हा असावा, दरवाजा हा असावा. ती स्थिती कशी साधायची, ते प्रणाली पाहील. त्यामुळे प्रोग्रॅमिंग न जाणणाराही ती वाचू शकतो. पुढे २००३ मध्ये एनसीएसटी सी-डॅकमध्ये विलीन झाली, आणि सी-डॅकने घडवलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली डेबियनवरच आधारलेली आहे.

१२/१४
उपनगरांत ही फाईल पोहोचली ती केबलवाल्यांमुळे. गच्चीवरून गच्चीवर तारा टाकून ते इमारती जोडत आणि चार आकडे कागदावर लिहून देत : पत्ता, नेटमास्क, गेटवे, डीएनएस. विंडोज असेल त्याने ते चौकटीत भरावेत, लिनक्स असेल त्याने फायलीत. हे पत्ते बहुधा खाजगी असत. १९९४ मध्ये १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते अशा खाजगी वापरासाठी राखून ठेवण्यात आले होते. म्हणूनच घाटकोपर आणि मुलुंड येथील दोन यंत्रांचा पत्ता हुबेहूब एकच असू शके, आणि तरीही गोंधळ होत नसे.

१३/१४
आता पत्ता आपोआप मिळतो. त्यासाठीची डीएचसीपी ही पद्धत १९९३ चीच. राउटर घरोघरी आल्यावर ती सार्वत्रिक झाली. सोय मोठी झाली, यात शंका नाही. मात्र असा पत्ता ठराविक मुदतीपुरता उसना असतो. मुदत संपली की नोंदही जाते, आणि तिच्याबरोबर शेरा लिहिण्याची जागाही. १९९८ च्या एखाद्या संगणकाची जोडणी आज वाचता येईल, कारण ती साध्या मजकुरात आहे. २०२४ मधल्या घरगुती जोडणीची आठवण कशात उरेल?

१४/१४
मोडी कागदपत्रे वाचणारे आज थोडे आहेत, पण कागद निदान दफ्तरखान्यात जपलेले आहेत. या फायलींचे उलट आहे : वाचू कोणीही शकेल, पण जपत कोणी नाही. जुनी हार्ड डिस्क भंगारात गेली की मुंबईच्या जाळ्याचे एक पान कायमचे जाते. आपल्या घरी, महाविद्यालयात किंवा जुन्या सायबर कॅफेच्या मालकाकडे अशी डिस्क किंवा केबलवाल्याची चिठ्ठी असेल, तर तिची प्रत करा. पासवर्ड आणि फोन क्रमांक वगळा; यंत्र कुठले आणि साल कोणते, तेवढे अवश्य लिहा. स्थळ आणि काळ कळल्याशिवाय त्या आकड्यांवरून इतिहास लिहिता येत नाही. तुमच्या भागात पहिली जोडणी कोणत्या साली आली, हे खाली जरूर नोंदवा.

#इतिहास #मुंबई #संगणक