गॉथिक चित्रपट

गॉथिक चित्रपट : पडक्या वास्तू, अंधार, मृत्यूविषयीचे आकर्षण आणि गतकाळातील अपराधाचे वर्तमानावर पडणारे सावट यांवर आधारलेला चित्रपटप्रकार. भयपटाशी त्याचे निकटचे नाते असले, तरी दोन्ही एकच नव्हेत. भयपटाचा मुख्य हेतू प्रेक्षकाला दचकविणे हा असतो. गॉथिक चित्रपटात भीतीच्या जोडीने विषाद, अतृप्त प्रेम व समाजाने दूर लोटलेल्या व्यक्तीविषयीची सहानुभूती आढळते. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये उदयास आलेल्या गॉथ उपसंस्कृतीच्या अनुयायांनी या चित्रपटांना विशेष लोकप्रियता मिळवून दिली. महाराष्ट्राचा या प्रकाराशी संबंध दुहेरी आहे. एकीकडे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत त्याला देशी रूप लाभले. दुसरीकडे, ज्या कादंबरीमुळे भारत हाच पाश्चात्त्य भयकथेचा विषय बनला, तिचा लेखक पुढे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्ग येथे प्रशासक होता.

संज्ञा व वाङ्मयीन पूर्वपीठिका : गॉथ हे रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळातील जर्मानिक लोक होत. प्रबोधनकाळातील इटालियन लेखकांनी मध्ययुगीन वास्तुशैलीला हिणविण्यासाठी ‘गॉथिक’ म्हणजे रानटी, असे विशेषण लावले. अठराव्या शतकात या शब्दाला निराळी प्रतिष्ठा प्राप्त झाली. हॉरेस वॉल्पोल याने १७६४ साली द कॅसल ऑफ ऑट्रँटो ही कादंबरी प्रसिद्ध केली व दुसऱ्या आवृत्तीत तिला ‘गॉथिक कथा’ म्हटले. मेरी शेली हिची फ्रँकेन्स्टाइन (१८१८) आणि ब्रॅम स्टोकर याची ड्रॅक्युला (१८९७) या कादंबऱ्यांनी पुढे चित्रपटांना कायमची सामग्री पुरविली. मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (१८८८) व विद्यापीठाच्या फोर्ट भागातील इमारती हे याच अभिरुचीचे वास्तुरूप होय.

पाश्चात्त्य चित्रपट : पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत या प्रकाराची दृश्यभाषा सिद्ध झाली. रोबेर्ट व्हीने याच्या द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगरी (१९२०) या चित्रपटात वाकड्या भिंती व रंगवलेल्या सावल्या यांतून विकल मनाचे दर्शन घडविले आहे. एफ्. डब्ल्यू. मुर्नाऊ याचा नॉस्फेराटू (१९२२) हा ड्रॅक्युलावर विनापरवाना आधारलेला होता. स्टोकरच्या पत्नीने दावा लावल्यावर त्याच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश झाला, तरी काही प्रती वाचल्या. जर्मन छायालेखक कार्ल फ्रॉइंट अमेरिकेत गेला आणि टॉड ब्राउनिंगच्या ड्रॅक्युला (१९३१) या चित्रपटाचे छायालेखन त्याने केले. त्यातील बेला लुगोसी या हंगेरियन नटाने ड्रॅक्युलाची प्रतिमा रूढ केली. ब्रिटनमधील हॅमर या संस्थेने टेरेन्स फिशर याच्या दिग्दर्शनाखाली १९५८ साली ड्रॅक्युला रंगीत स्वरूपात आणला.

गॉथ उपसंस्कृतीचा आरंभ संगीतातून झाला. बाउहाउस या वाद्यवृंदाने १९७९ साली काढलेल्या तिच्या आद्य ध्वनिमुद्रिकेच्या नावातच लुगोसीच्या मृत्यूचा उल्लेख आहे. काळा पोशाख, पांढुरका चेहरा व काजळलेले डोळे या तिच्या खुणाही बऱ्याच अंशी मूकपटांतून आलेल्या आहेत. तिच्या अनुयायांच्या आवडत्या चित्रपटांत जुन्या कृतींबरोबरच टोनी स्कॉट याचा द हंगर (१९८३), टिम बर्टन याचे बीटलज्यूस (१९८८) व एडवर्ड सिझरहँड्स (१९९०), बॅरी सॉननफेल्ड याचा द ॲडम्स फॅमिली (१९९१) आणि ॲलेक्स प्रोयास याचा द क्रो (१९९४) हे येतात. द क्रोच्या चित्रीकरणात नायक ब्रँडन ली याचा १९९३ साली अपघाती मृत्यू झाला. यांपैकी बहुतेक चित्रपटांत विचित्र दिसणारी व्यक्ती निरुपद्रवी किंवा अन्यायग्रस्त असते, तर सभ्य समाज क्रूर ठरतो. स्वतःला समाजाबाहेरचे मानणाऱ्या तरुणांना या चित्रपटांचे आकर्षण का वाटले, हे त्यावरून स्पष्ट होते.

भारतविषयक गॉथिक कल्पना व नळदुर्ग : युरोपच्या गॉथिक कथेला दूरचे प्रदेशही भयाचे आगर म्हणून लागत. भारताबाबत ही गरज ठगांच्या कथांनी भागविली. निजामाच्या सेवेतील फिलिप मेडोज टेलर (१८०८–७६) याने पकडलेल्या ठगांच्या जबान्या ऐकून कन्फेशन्स ऑफ अ ठग (१८३९) ही कादंबरी लिहिली. अमीर अली हा ठग आपल्या खुनांची हकीकत अभिमानाने सांगतो, ही तिची रचना आहे. ती इंग्लंडमध्ये अतिशय गाजली. रुमालाने गळा आवळणारा, देवीचा कौल घेणारा, वरकरणी सौजन्यशील असा खुनी इंग्रजी वाचकाच्या कल्पनेत पक्का झाला, तो मुख्यतः या कादंबरीमुळे.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग–धाराशिव हा मुलूख कंपनीच्या कारभाराखाली दिला. त्यातील नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार टेलरकडे आला व १८५७ पर्यंत राहिला. बोरी नदीवरील बांध आणि त्याच्या पोटातील पाणीमहाल यांमुळे प्रसिद्ध असलेल्या नळदुर्ग किल्ल्याचे वर्णन त्याने आत्मचरित्रात केले आहे. येथील त्याचे काम मात्र महसुली मोजणी व रस्ते यांचे होते. या प्रदेशाच्या परिचयातून त्याने पुढे तारा (१८६३) ही कादंबरी लिहिली. तिची नायिका तुळजापूरची आहे. ठगांच्या कादंबरीत देवी ही खुन्यांची अधिष्ठात्री म्हणून येते, तर तारामध्ये भवानीचे क्षेत्र हे एका कुटुंबाच्या श्रद्धेचे व दैनंदिन जीवनाचे स्थान आहे. एकाच लेखकाची ही दोन चित्रे शेजारी ठेवली, म्हणजे प्रदेशाच्या निकट परिचयाने भयाची कल्पना कशी सौम्य होते, ते दिसते. तथापि पाश्चात्त्य चित्रपटांनी उचलले ते पहिलेच चित्र.

गंगादीन (१९३९) या अमेरिकन चित्रपटात ठग हे साम्राज्याचे शत्रू म्हणून येतात. ड्रॅक्युलानंतरच्या वर्षी फिशरने हॅमरसाठी द स्ट्रँग्लर्स ऑफ बॉम्बे (१९५९) हा चित्रपट इंग्लंडमध्येच चित्रित केला. रक्तपिपासू सरदाराच्या गढीची जागा त्यात कालीच्या मंदिराने घेतली आहे. स्टीव्हन स्पीलबर्ग याच्या इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम (१९८४) या चित्रपटाच्या पटकथेत भारत सरकारने बदल सुचविले. ते निर्मात्यांना मान्य न झाल्याने चित्रीकरण श्रीलंकेत करण्यात आले. जॉन मास्टर्सच्या कादंबरीवरील द डिसीव्हर्स (१९८८) मध्ये ठगांत मिसळलेला इंग्रज अधिकारी स्वतःच खुनाच्या मोहात सापडतो. भय बाहेरून आत वळविण्याचा हा प्रयत्न लक्षणीय आहे. ठगांची संघटित धार्मिक पंथ म्हणून रंगविलेली प्रतिमा कितपत खरी, याविषयी आधुनिक इतिहासकारांत मतभेद आहेत. कारण तिचा मुख्य पुरावा माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांचा आहे. महाश्वेतादेवींच्या कथेवर आधारित संघर्ष (१९६८) या हिंदी चित्रपटात ह. स. रवैल यांनी हाच विषय आजोबा व नातू यांच्यातील नैतिक झगडा म्हणून मांडला.

हिंदी चित्रपट : जर्मन छायालेखनाची परंपरा मुंबईत थेट आली. म्यूनिकचा छायालेखक योझेफ व्हिर्शिंग १९३४ साली स्थापन झालेल्या मालाडच्या बाँबे टॉकीज या संस्थेत दाखल झाला व दुसऱ्या महायुद्धातील स्थानबद्धतेनंतरही भारतातच राहिला. कमाल अमरोही यांचा महल (१९४९) हा त्याने चित्रित केलेला चित्रपट भारतीय गॉथिकचा आरंभ मानला जातो. ओसाड हवेली, नायकासारखाच चेहरा असलेले जुने तैलचित्र, हलता झोपाळा आणि दुरून येणारा स्त्रीस्वर ही त्याची सामग्री. त्यातील गीताने लता मंगेशकर यांना देशभर कीर्ती मिळाली. ध्वनिमुद्रिकेवर प्रथम गायिकेऐवजी कामिनी या पात्राचे नाव छापले होते. अखेरीस भूत हे माळ्याची मुलगी असल्याचे उघड होते. पाश्चात्त्य कथेतील सरदारी गढीची जागा येथे हवेलीने घेतली आणि रक्तपिपासेची जागा पुनर्जन्माच्या श्रद्धेने. बिमल रॉय यांच्या मधुमती (१९५८) मध्ये ही श्रद्धा खरी ठरते. बीस साल बाद (१९६२) व कोहरा (१९६४) हे बीरेन नाग यांचे चित्रपट इंग्रजी कथांवर बेतलेले होते. रामसे बंधूंनी दो गज जमीन के नीचे (१९७२) पासून पुराना मंदिर (१९८४) पर्यंत अल्प खर्चाचे भयपट काढून हा प्रकार लहान गावांच्या चित्रपटगृहांत नेला. तथापि त्यांत विषादाचा अंश कमी व रंगभूषेचा भर अधिक होता.

मराठी चित्रपट : मराठीत गूढकथेची परंपरा समृद्ध आहे. नारायण धारप (१९२५–२००८) व रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी तिला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. चित्रपटांत मात्र ती उशिरा उतरली. हा खेळ सावल्यांचा (१९७६) सारखा अपवाद वगळल्यास मराठी चित्रपटाने भुताकडे बहुधा विनोदाचा विषय म्हणून पाहिले. एक डाव भुताचा (१९८२), झपाटलेला (१९९३) व पछाडलेला (२००४) ही त्याची लोकप्रिय उदाहरणे होत. झपाटलेलामधील तात्या विंचू हा बाहुला रामदास पाध्ये यांनी घडविला होता.

राही अनिल बर्वे यांचा तुंबाड (२०१८) हा चित्रपट हिंदी भाषेत असला, तरी त्याची भूमी कोकणातील आहे. १९१८ ते १९४७ या काळातील ही कथा संततधार पाऊस, जुना वाडा आणि पुरलेले सोने यांभोवती फिरते. आजीच्या पात्रावर धारपांच्या कथेची छाया आहे. येथे राक्षसापेक्षा लोभ अधिक भयंकर असून तो बापाकडून मुलाकडे वारशाने जातो. विशाल फुरिया यांच्या लपाछपी (२०१७) या मराठी चित्रपटात गढी किंवा वाडा यांऐवजी उसाचे उंच, वाट न सापडणारे शेत येते. त्यात अडकलेली गर्भवती नायिका, मुलगी नकोशी मानणाऱ्या कुटुंबातील जुन्या अपराधांपर्यंत पोहोचते. दिग्दर्शकाने याच कथेवर छोरी (२०२१) हा हिंदी चित्रपट काढला. गर्भजलपरीक्षेच्या दुरुपयोगावर १९८८ साली देशात प्रथम कायदा करावा लागलेल्या महाराष्ट्रात आणि उसाच्या फडांशी व ऊसतोडीच्या स्थलांतराशी आयुष्य बांधलेल्या मराठवाड्यात ही भीती परकी वाटत नाही.

टेलरच्या वाचकांना भारतातील भय परधर्मीयांच्या देवळात दिसले. महलला ते उजाड हवेलीत दिसले. लपाछपी व तुंबाड यांनी ते स्वतःच्या घराच्या इतिहासात शोधले. अपराध झाकला गेला की तो परत येतो, हे गॉथिक कथेचे मूळ सूत्र आहे. मराठी भूमीवरील अलीकडच्या चित्रपटांनी अपराधी परका नसून आपल्यातलाच असल्याचे मान्य करून या सूत्राला सामाजिक अर्थ दिला.